कंपनीवात

त्यांना कंपवात झालेला नव्हता. त्यांना कंपनीवात झाला होता. निदान पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत तरी हेच निदान सर्वमान्य होतं, आणि ते डॉक्टरांनी नव्हे, वहिनींनी केलेलं होतं.

वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. डॉक्टरांनी "कंपवात आहे" असं एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून गोळ्या लिहिता लिहिता. वहिनी चाकणजवळच्या निघोज्याच्या. त्यांची जमीन कंपनीत गेली, नवरा कंपनीत गेला, दोन्ही मुलगे कंपनीत गेले आणि उभ्या संसारात घरातली झोप शिफ्टच्या हिशेबाने झाली. तेव्हा नवऱ्याच्या उजव्या हातात जे काही शिरलं तेही कंपनीतूनच आलं असणार, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. लिफ्टमध्ये कुणी चौकशी केली की त्या शांतपणे सांगायच्या, "ह्यांना कंपनीवात हाय." ऐकणारा मान डोलवायचा. आमच्या भागात निम्म्या घरांतून रोज पहाटे कंपनीची बस माणूस उचलून नेते, त्यामुळे हा रोग कुणाला अशक्य वाटला नाही. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर मुद्दाम विचारायला आले, की हा कोणत्या खात्यात जास्त होतो. वहिनींनी थोडा विचार करून "प्रेसशॉपला", म्हणजे पत्रे ठोकणाऱ्या आपल्या नवऱ्याच्याच खात्याला, असं सांगितलं. गृहस्थ स्टोअरमध्ये होते. ते हायसं वाटून घरी गेले.

मी मराठीची शिक्षिका. नोकरी संपली तरी दुकानांच्या पाट्या मनातल्या मनात तपासत असते. शिवाय तोच आजार मलाही आहे, त्यामुळे त्या शब्दावर माझा दुहेरी हक्क. माझा हात फारसा थरथरत नाही, पण अक्षर बारीक होत गेलं. जे अक्षर मी मुलांना कित्ता म्हणून द्यायची, ते आता माझ्या मुलाला भिंग घेऊन वाचावं लागतं. तर पहिल्याच भेटीत मी दोघा नवरा-बायकोला नीट समजावून सांगितलं, की कंप म्हणजे थरथर, वात म्हणजे आपल्या जुन्या वैद्यकातला वात, आणि यात कंपनीचा काडीचाही संबंध नाही. वहिनींच्या यजमानांनी सगळं ऐकून घेतलं, कामावर नव्याने लागलेल्या पोराचं ऐकावं तसं, आणि म्हणाले, "बाई, तुमचा शाळेचा असंल. आमचा कंपनीचा हाय."

पुढे मी अधूनमधून दुरुस्ती सुचवत राहिले आणि ते ती नामंजूर करत राहिले.

सगळे त्यांना फोरमन म्हणायचे. चाकणच्या एका कंपनीत ते खरोखरच फोरमन होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

आमच्या सोसायटीचं नाव इटलीतल्या कुठल्याशा गावावरून ठेवलेलं आहे. ते वॉचमनला उच्चारता येत नाही, मला येत नाही, आणि बिल्डरलाही येत नसावं, कारण त्याने ते दोन गेटांवर दोन तऱ्हांनी लिहिलं आहे. या इटलीच्या मधोमध पोहण्याचा तलाव आहे. फ्लॅट घेण्याआधी तो सगळ्यांना दाखवतात, घेतल्यावर त्यात फारसं कुणी उतरत नाही. हिंजवडीला जाणाऱ्यांना वेळ नसतो आणि चाकणला जाणाऱ्यांना त्राण नसतं. सकाळी उन्हं चढली की तलाव नुसता पडून असायचा. तो तास श्वेताने कमिटीकडून मागून घेतला.

श्वेता फिजिओथेरपिस्ट. लातूरकडची, आमच्याच सोसायटीत भाड्याने राहणारी. तिने आजूबाजूचे आम्ही सहा-सात कंपवाती गोळा केले आणि छातीएवढ्या पाण्यात उभे केले. गोळी घेऊन अंगात बळ आलं की त्या वेळात उतरायचं, एक हात कठड्याला, जवळ एक सोबतीचं माणूस, आणि मग लांब पावलं टाकत पुढे, मागे, आडवं चालायचं. ऐकायला फार सोपं आहे. पण जमिनीवर ज्याला प्रत्येक पावलाला पडायची धास्ती असते त्याला पाण्याची गंमत कळते. पाणी सगळ्या बाजूंनी धरून ठेवतं, आणि पडायचंच झालं तर माणूस सावकाश पडतो.

फोरमन पहिल्या दिवशी आले ते कंपनीचा निळा शर्ट, खिशाला पेन, खाली नायलॉनची हाफपँट आणि पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज अशा वेषात. पाण्यात उतरण्याऐवजी त्यांनी तलावाला फेरी मारली, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून. पंपाचं अर्थिंग विचारलं. शिडीचा नट हलवून पाहिला. मग आम्हा सगळ्यांना कठड्याने अंतरा-अंतरावर उभं करून प्रत्येकाला स्टेशन ठरवून दिलं. माझं स्टेशन शिडीजवळ, कारण बाईमाणूस. श्वेताने विचारलं, "काका, तुम्ही काय करायलाव?" ते म्हणाले, लाइन सेट करतोय. श्वेता हसली आणि तिने करू दिलं. तिला माणसं पाण्यात हवी होती, कुणाच्या हुकमाने आली याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

त्यांच्या मते त्यांना रोग असा नव्हताच. हाताला होतं ते व्हायब्रेशन. फाउंडेशनचे बोल्ट ढिले झाले की कुठलंही मशीन हलतंच, यात रडण्यासारखं काय. गोळ्या तीन शिफ्टमध्ये. गोळीचा जोर ओसरून पाय जड झाले की "लाइन बंद". सांधे आखडतात म्हणून ग्रीसिंग, म्हणजे गरम भातावर तुपाची अख्खी वाटी. तूप गुडघ्यात जात नाही, पोटावर जातं, असं श्वेता सांगायची. त्यावर त्यांचं उत्तर, की ऑइल टाकीत ओतलं तरी ते मशीनभर जातंच ना. शिवाय या औषधाच्या जोडीला जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात, तेही त्यांनी ऐकलं नाही. ती वाटी वहिनींनी गुपचूप लहान केली. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

पाण्यात व्यायामाला लांब फोमच्या नळ्या असतात. इंग्रजीत त्यांना नूडल म्हणतात, म्हणून वहिनी शेवया म्हणायच्या, आणि मग आम्हीही म्हणू लागलो. श्वेताने गुलाबी, निळ्या, हिरव्या अशा आणल्या होत्या. फोरमननी हरकत घेतली की गुलाबी हा सेफ्टीचा रंग न्हाई. दोन दिवस ते काठावर बसून राहिले, शेवटी श्वेताने सगळ्या बदलून पिवळ्या आणल्या. एका हट्टी म्हाताऱ्यापायी किती हा उपद्व्याप, असं मी तेव्हा तोंडावर बोलून दाखवलं होतं.

आणि त्यांचा भोंगा. या आजारात आवाज बसत जातो. आपण मोठ्याने बोलतोय असं आपल्याला वाटतं, समोरच्याला फक्त ओठ हललेले दिसतात. म्हणून श्वेता आम्हाला पाण्यात उभं करून पोटातून "आऽऽ" म्हणायला लावायची. फोरमननी त्याचा भोंगा केला. तास सुरू होताना एक, संपताना एक. प्रेसशॉपच्या धडधडीवर ज्यांचा आवाज चढायचा त्यांचं बोलणं आता वहिनींना कान लावून ऐकावं लागे, पण भोंगा मात्र नवव्या मजल्यापर्यंत जायचा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की तलावाच्या बाजूला एखादं जनावर अडकलं आहे का बघा.

शेखी मिरवण्यातही गडी मागे नव्हता. लहानपणी देहूला मामाकडे असताना इंद्रायणी पोहून पार केल्याचं ते रोज सांगायचे, आणि रोज नदी थोडी रुंद व्हायची. श्वेताने सगळ्यांना बजावलं होतं की पूर्वी कितीही चांगलं पोहता येत असलं तरी आता हात-पाय एकमेकांचं ऐकत नाहीत, कठडा सोडायचा नाही. एके दिवशी फोरमननी तो सोडला. एक हात मारला, दुसरा आलाच नाही, पाय वर आणि डोकं खाली. श्वेताने हाफपँटचा नाडा धरून त्यांना उभं केलं. खोकून खोकून जीव थाऱ्यावर आल्यावर ते म्हणाले की तळाची एक फरशी निसटली आहे, तीच चेक करत होतो. आम्ही कुणी हसलो नाही. त्यानंतर त्यांनी कठडा सोडला नाही आणि इंद्रायणीचंही नाव काढलं नाही. मला ते आवडलं नाही. नदी परत रुंद झाली असती तर बरं वाटलं असतं.

पण पाण्यात तो माणूस चालत असे. मान वर, हात मागे-पुढे, पावलं लांब. आम्हाला ओरडत, स्टेशनं बदलायला लावत. तास संपला, शिडी चढून जमीन लागली, की पाय चिकटत. विशेषतः दारात. लिफ्टचं दार उघडायचं, ते उंबऱ्याशी उभे, दार मिटायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा मिटायचं. आत उभी असलेली तरुण मंडळी मोबाइलकडे बघत. फोरमन म्हणायचे, "जाऊ द्या, पुढची गाडी."

यावर श्वेताने एक साधा उपाय सांगितला. जिथे पाय अडतो तिथे जमिनीवर आडवी ठळक पट्टी चिकटवायची. ती ओलांडायची म्हटलं की पाऊल उचललं जातं. ओलांडायला काहीतरी दिसलं की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो, असं ती म्हणाली. तिच्या डोक्यात बाथरूमच्या दारापुरती एक पट्टी होती. फोरमनच्या डोक्यात कारखाना होता. कंपनीत चालायच्या वाटेला पिवळे पट्टे मारलेले असतात, आणि पट्टा सोडून चालणाऱ्याला झापण्यात त्यांची हयात गेलेली. पट्टीची कल्पना मूळ आपलीच, असं त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. मुलाकडून पिवळ्या टेपची रिळं मागवली आणि फ्लॅटच्या दारापासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून लॉबी ओलांडून थेट तलावापर्यंत शिडीसारख्या आडव्या पट्ट्या मारून घेतल्या. सातव्या मजल्यावरून ते एकटे खाली आले. वहिनी मागे नुसत्या टॉवेल घेऊन. लिफ्टमधून बाहेर पडताना त्यांनी चेहरा असा ठेवला होता की यात विशेष काही नाही. वहिनींना तसा ठेवता आला नाही.

सोसायटीत हाहाकार उडाला. लॉबीत संगमरवरासारख्या दिसणाऱ्या फरश्या आहेत. त्यावर पिवळ्या पट्ट्या म्हणजे इटलीची चाकण एमआयडीसी झाली. चेअरमन तरुण होते, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना फक्त सगळं चकचकीत लागायचं. त्यांनी ग्रुपवर लिहिलं की ज्येष्ठांबद्दल संपूर्ण आदर आहे, परंतु लॉबीचा लुक अँड फील हा सर्वांचा आहे. मग त्या परंतुच्या मागे रांग लागली. एकाने विचारलं की हा कंपनीवात पाण्यातून पसरतो का. एका बाईंनी विचारलं की इतकी माणसं एकदम थरथरली तर टाइल्स सुटतील का. भोंगा निघाला, शेवया निघाल्या, कुणी बुडालं तर जबाबदार कोण हेही निघालं. रविवारी क्लबहाउसमध्ये सभा ठरली. विषय एकच, रुग्णांची बॅच चालू ठेवावी की बंद करावी. आणि सभेची वाट न बघता कमिटीने हाउसकीपिंगला सांगून पट्ट्या काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी फोरमन तलावावर आले नाहीत. वहिनी एकट्या आल्या. ते लिफ्टपाशी पाऊणएक तास उभे राहिले आणि मग घरी परतले, म्हणाल्या. पुतळ्यासारखे बसलेत. मी नेहमीप्रमाणे काहीतरी धीराचं बोलायला गेले तर त्यांनी मला थांबवलं.

"बाई, त्या एका तासापायी ते सकाळी उठत्यात. तो गेला तर ते उठायचे न्हाईत."

मला राग आला. पट्टीचा नाही, टाइल्सचा नाही. एका माणसाचं उठणं-बसणं बारा माणसांच्या लुकवर टांगलेलं होतं, याचा आला. आणि भीतीही वाटली, कारण रांगेत पुढे मीच होते.

सभेला क्लबहाउस भरलं होतं. आम्ही बॅचवाले पहिल्या दोन रांगांत, घरून लवकर निघून वेळेवर पोचलो होतो. फोरमन सगळ्यांत शेवटी आले, निळा शर्ट घालून, वहिनींच्या दंडाला धरून. त्यांना बोलायचं होतं, आणि फोरमन मागून बोलत नाही, पुढे येऊन बोलतो. पण दारातच पाय चिकटले. वरचं अंग पुढे झुकलेलं, टाचा वर, बोटं जागच्या जागी वळवळणारी. सभा वळून बघत राहिली. चेअरमन अगदी मायेने म्हणाले, "काका, तिथेच मागे बसा ना, पुढे यायची गरज नाही." फोरमननी मान हलवली. म्हणजे नाही म्हणून. ज्याला चालता येत नाही त्याला तलाव कशासाठी हवा असतो, हे समोर दिसतच होतं, आणि ते पाहून लोक नेमका उलटा निष्कर्ष काढणार हेही मला दिसत होतं.

मी श्वेताला म्हटलं, "शेवया आण."

मागच्या रांगांत थोडी चुळबुळ झाली. काहींना वाटलं नाश्ता येतोय. श्वेता तलावावरून पिवळ्या नळ्यांचा भारा घेऊन आली आणि आम्ही बॅचवाले उठलो. उठायलाच आम्हाला किती वेळ लागतो ते सोसायटीने पहिल्यांदा पाहिलं. थरथरत्या हातांनी आम्ही दारापासून टेबलापर्यंत नळ्या आडव्या मांडल्या. फोरमननी खाली पाहिलं. ओठ हलले. वहिनींनी कान लावला आणि मोठ्याने सांगितलं, "ती तिसरी तिरकी हाय म्हंत्यात." ती सरळ केली. मग त्यांनी वहिनींचा हात सोडला, पाय उचलला आणि पहिली शेवई ओलांडली. मग दुसरी. पुढच्या संपल्या तेव्हा आम्ही मागच्या उचलून पुढे टाकल्या. एका अहंमन्य म्हाताऱ्याला शेवयांवरून चालत येताना बघून माझे डोळे भरून आले, हे मी कबूल करते.

टेबलापाशी येऊन ते बोलू लागले. कुणाला काही ऐकू येईना. चेअरमन म्हणाले, "काका, आवाज येत नाहीये." फोरमननी एक श्वास घेतला आणि पोटातून भोंगा दिला. काचा थरथरल्या. कुणाचं तरी बाळ रडू लागलं. लोक दचकलेले असतानाच, भोंग्याच्या उरलेल्या जोरावर, ते म्हणाले, "त्या तासाला आमी चालतो. बाकीचा दिवस आमाला चालवत्यात."

एवढं बोलून जी खुर्ची जवळ होती तिच्यात ते बसले. ती चेअरमनची होती. चेअरमन सौजन्याने उभे राहिले. आणि तेवढ्यात गोळीचा जोर संपला. लाइन बंद. आता त्यांना कुणी उठवू शकत नव्हतं. पुढची गोळी वहिनींनी दिली, पण ती अंगात भिनायला वेळ लागतो. बॅचविरुद्ध बोलायला उठलेले दोघे-तिघे, समोर अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्या फोरमनची ती न मिटणारी नजर बघून खाली बसले. त्यात आपुलकी नव्हती आणि रागही नव्हता, या आजारात चेहरा हलत नाही इतकंच, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. शेवटी नियमांचे पक्के असलेल्या एका सभासदाने शंका काढली, की अध्यक्षांच्या जागी दुसरीच व्यक्ती बसलेली असताना झालेला ठराव वैध ठरेल का. यावर पुष्कळ चर्चा झाली. अखेर सभा तहकूब करण्यात आली. पुढची तारीख यथावकाश कळवण्यात येणार होती.

ती अजून कळवलेली नाही. आमच्या सोसायटीत एकदा तहकूब झालेली गोष्ट कुणी उकरत नाही, त्यामुळे आमची बॅच निर्णयाअभावी सुखरूप चालू आहे. पट्ट्याही परत लागल्या, या वेळी पारदर्शक लावाव्यात अशी कमिटीची सूचना होती. पारदर्शक पट्टी दिसत नाही हे त्यांना समजावण्यात श्वेताचे दोन दिवस गेले.

फोरमन गेल्या हिवाळ्यात गेले. घास श्वासनलिकेत गेला, न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यातून ते परत आले नाहीत. आजारी पडायच्या आदल्या दिवसापर्यंत ते तलावावर येत होते. त्यांच्याशी माझं एका शब्दावरून वर्षानुवर्षं भांडण होतं आणि ते मिटायच्या आत ते गेले, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. वहिनी आता निघोज्याला थोरल्याकडे असतात.

भोंगा हल्ली मी देते. बाईमाणसाला शोभत नाही असं माझ्या सुनेचं मत आहे.

परवा एक नवे गृहस्थ आले. बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, डावा हात खिशात दाबून धरलेला. बराच वेळ काठावर उभे होते. पाण्यात आम्ही सगळे आपापल्या स्टेशनवर हलत होतो आणि ते आमच्याकडे बघत होते, बघायचं नसल्यासारखं. शेवटी शिडीशी वाकून त्यांनी अगदी हळू आवाजात मला विचारलं, तुम्हालाही तेच का. त्या शब्दाचा उच्चारही त्यांना करवत नव्हता.

मी उभी हयात शब्द दुरुस्त करण्यात घालवलेली बाई. मी त्यांच्याकडे हात पुढे केला.

"कंपनीवात," मी म्हटलं. "हात काढा खिशातून, आणि या आत. कंपनी आहे."